४३ फुटांच्या आतली पंचगंगा

कोल्हापुरात निसर्गचित्रांचं कुठलंही समूह प्रदर्शन बघायला जा, पंचगंगा ४३ फुटांच्या वर गेलेली दिसणार नाही. घाटावरची देवळं, पायऱ्या, धुणं धुणाऱ्या बायका, एखादी म्हैस, पाण्यात थरथरणारं शिखराचं प्रतिबिंब. मग रंकाळ्यावरचा सूर्यास्त आणि संध्यामठ. मग धुक्यातला पन्हाळा. मग घाट उतरून मालवणच्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. आठ-दहा चित्रकार, पन्नास-साठ चित्रं, आणि सगळ्यांत नदी कशी शहाण्या मुलीसारखी, पायऱ्या मोजता येतील इतकी खाली.

४३ चा आकडा बाहेरच्यांसाठी सांगतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. जुलैत हा आकडा आमच्याकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारला जातो. पुण्यात, हिंजवडीत बसून कोड लिहिणारा कोल्हापूरचा पोरगाही मीटिंग म्यूट करून घरी फोन लावतो, ‘किती झालं?’ राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी कितवा उघडला, हे आम्हाला घरातल्या माणसाच्या तब्येतीसारखं माहीत असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बुडाला, पुणे-बंगळूरु वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. चिखली, आंबेवाडीची माणसं जनावरं घेऊन बाहेर पडली. हे सगळं चित्रात आलं पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण इतकी वर्षं, इतक्या प्रदर्शनांत, यातलं जवळजवळ काहीच येत नसेल, तर तो योगायोग म्हणता येणार नाही. आमच्या चित्रकारांनी नदी ठेवली आणि हवामान हाकलून दिलं. याला मी निसर्गचित्र म्हणायला तयार नाही.

‘चित्रकार म्हणजे वार्ताहर नव्हे’ हे उत्तर मला पाठ आहे. एका प्रदर्शनात मी हा विषय काढला तेव्हा तिथल्या एका ज्येष्ठ कलाकारांनी मला अगदी मायेनं हेच सांगितलं. ‘बाळ, पुराचे फोटो पेपरवाले काढतात. आम्ही सौंदर्य शोधतो.’ मला राग आला तो याच वाक्याचा. कारण त्यात गृहीत धरलंय की पूर म्हणजे बातमी आणि घाट म्हणजे सौंदर्य. ज्या गावात लोक पूर बघायला जातात, त्या गावात हे वाक्य कसं चालतं? पाणी वाढलं की अख्खं कोल्हापूर पोराबाळांना घेऊन पंचगंगेकडे निघतं. शिवाजी पुलाच्या दगडी बांधकामावरून पाणी कुठवर आलं ते सांगायला आमच्याकडे खास शब्द आहे, ‘मच्छिंद्री झाली’. आजही म्हातारी माणसं फुटांऐवजी हाच शब्द वापरतात. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं तेव्हा लोक त्यात स्नानाला गर्दी करतात, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पुराला सोहळा म्हणणारी भाषा आणि पुराला मच्छिंद्री म्हणणारी नजर आमच्याकडे आहे. नाही तो फक्त कागद.

कागदाची एक अडचण खरी आहे, तीही सांगतो. जलरंगात काम करणाऱ्या मित्रासोबत मी दोन-तीनदा स्पॉटवर गेलोय. जुलैत गगनबावड्याला वॉश टाकला तर तो वाळतच नाही. पहिल्या थरावर दुसरा थर टाकायला अर्धा तास थांबा, तरी कागद ओलाच. धुकं थेट पॅलेटवर येऊन बसतं. त्यामुळे चित्रकार बाहेर पडतात ते दिवाळीनंतर. प्रदर्शनंही हिवाळ्यातच जास्त. परिणाम असा, की कोल्हापूरच्या बहुतेक निसर्गचित्रांत कायम डिसेंबर असतो. कोवळं ऊन, लांब सावल्या, यलो ऑकरचा मोकळा हात. पावसाची चित्रं असतात, नाही असं नाही, पण ती स्टुडिओत पंख्याखाली, फोनवरच्या फोटोवरून केलेली. तो पाऊस लगेच ओळखू येतो. रस्ता ओला, त्यात दिव्यांची प्रतिबिंबं, छत्री घेतलेली एक पाठमोरी बाई. हा पाऊस पुण्यातही चालेल, पॅरिसमध्येही चालेल. गगनबावड्याचा पाऊस असा उभा पडत नाही. तो आडवा येतो, आणि छत्री तर पहिल्या पाच मिनिटांत उलटी होते.

आता वंशावळ काढूया, कारण प्रदर्शनाच्या प्रत्येक पत्रकावर ‘कलापूरची थोर परंपरा’ असतेच. या परंपरेत आबालाल रहिमान येतात. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेले, १९३१ मध्ये वारलेले. मुंबईत राहून नाव कमावता आलं असतं, पण ते परत आले आणि कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगा असा चालत जाण्याजोगा परिसर रंगवत राहिले. टाउन हॉल म्युझियममध्ये त्यांची चित्रं आहेत. एकदा शांतपणे बघा. त्यांत ‘सुंदर जागा’ शोधलेली नाही. घराजवळची जागा आहे, आणि त्या जागेवर त्या घटकेला जो उजेड होता तो आहे. झाडाखालचा ओलावा कळतो, हवेतली धूळ कळते. आबालालांना विषय मिळाला तो रोज तिथे गेल्यामुळे.

आज त्यांचे वारसदार म्हणवणारे काय करतात? आबालालांना दिसलेला रंकाळा रंगवतात. आज रंकाळ्याच्या काठी उभं राहिलं तर पलीकडे इमारतींची रांग दिसते, पाण्यावर कधी हिरवा तवंग असतो, कधी केंदाळ. पंचगंगेवरही केंदाळाचा गालिचा पसरतो, त्यावर बगळे चालतात. रंगाच्या दृष्टीनं ती जबरदस्त गोष्ट आहे, खरं तर. चित्रात मात्र इमारती गायब, केंदाळ गायब, मोबाईल टॉवर गायब. चित्रकार समोर बघून शंभर वर्षांपूर्वीचं काढतो. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे हल्ली हे काम यंत्र करतं. ‘कोल्हापूर, नदीचा घाट, जलरंग, सकाळ’ असं टाइप करा, आठ-दहा सेकंदांत तेच चित्र येतं. तीच म्हैस, तेच प्रतिबिंब. लाखो चित्रं गिळून त्यांची सरासरी काढायची ही त्या यंत्राची पद्धत. चित्रकार मंडळी या यंत्रावर चिडलेली आहेत, आणि त्यांची चित्रं विचारल्याशिवाय गिळली गेली असतील तर चिडायलाच हवं. पण सरासरी काढायला सुरुवात कुणी केली, हेही एकदा बघायला हवं. यंत्राला २०२१ च्या जुलैत तुमच्या गल्लीत पाणी कुठून शिरलं ते माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. तेवढंच तर तुमच्याकडे जास्त आहे, आणि तेच तुम्ही काढत नाही.

समुद्राचंही तसंच. प्रत्येक समूह प्रदर्शनात एक भिंत कोकणाची असते. होड्या, माड, जाळी, लाटांचा पांढरा फेस. या भिंतीवरचा समुद्र आणि समोरच्या भिंतीवरची पंचगंगा यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं त्या दालनात कुणाला वाटत नाही. वास्तविक दोन्ही एकच चित्र आहे. अरबी समुद्रावरून वारं निघतं, सह्याद्रीला धडकून वर चढतं, थंड होतं आणि घाटमाथ्यावर सगळं रितं करतं. गगनबावड्यात वर्षाला साधारण पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला जेमतेम शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात शिरोळ येतं, तिथे पाचशेच्या आसपास. आणि गंमत बघा, बुडतं शिरोळ. ज्यांच्या डोक्यावर पाऊस नाही त्यांच्या घरात पाणी. हा एवढा नाट्यमय भूगोल एका जिल्ह्यात असताना आम्ही तो ‘सी-स्केप’ आणि ‘रिव्हर-स्केप’ अशा दोन फ्रेममध्ये कापून विकतो.

टाउन हॉल म्युझियममध्येच एक छोटी ब्राँझची मूर्ती आहे, पोसायडनची. ग्रीकांचा समुद्रदेव. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन झालं त्यात ती सापडली. रोमशी व्यापार होता त्या काळातली. समुद्र दिसत नाही अशा गावात, नदीच्या काठावर, मातीखाली समुद्राचा देव. आबालालांची चित्रं आणि हा देव एकाच इमारतीत आहेत. कोल्हापूरच्या चित्रकाराला समुद्र आणि नदी जोडायला याहून मोठी सूचना काय हवी?

कोकणचा समुद्र ज्यांना कळला असे चित्रकार मराठीत होऊन गेले. प्र. अ. धोंडांचा जलरंगातला समुद्र घ्या. त्यांनी आपल्या पुस्तकाचं नाव ‘रापण’ ठेवलं, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी मिळून ओढायचं जाळं. समुद्राकडे कामाची जागा म्हणून बघितलेला माणूस असं नाव ठेवतो. आमच्या भिंतीवरच्या होड्या मात्र कायम रिकाम्या आणि कोरड्या. त्या होडीचा मालक कुठे गेला? २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्यावरून गेलं. त्याआधी ३ जून २०२० ला रायगडला धडकलेल्या वादळाचं नाव तर ‘निसर्ग’च होतं. नारळी-पोफळीच्या बागा झोपवून गेलं. त्यानंतरही ‘निसर्गचित्र’ हा शब्द आपण जुन्याच अर्थानं वापरतो. मला तर पत्रकावर तो शब्द दिसला की हसू येतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, आवडनिवड आहे, एवढं तापायचं काय कारण? कारण आहे, आणि ते माझ्या खिशाशी निगडित आहे. तिशीच्या जवळ आलेले आम्ही सगळे सध्या फ्लॅट बघतोय. पुण्या-बंगळूरुत परवडत नाही, म्हणून बरेच जण कोल्हापुरातच काहीतरी घेऊन ठेवावं म्हणतात. मीही गेल्या वर्षी काही ठिकाणी गेलो. एका सॅम्पल फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफ्यावर मोठी फ्रेम होती: घाट, देवळं, प्रतिबिंब, कोवळं ऊन. ब्रोशरवर ‘रिव्हर व्ह्यू’. मी विचारलं, पूररेषा कुठून जाते? दाखवणारा मुलगा माझ्याच वयाचा, टाय लावलेला. म्हणाला, ‘सर, भराव टाकून प्लॉट वर घेतलाय, काही टेन्शन नाही.’

पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधायचं नाही, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटी पाळून. या रेषा कुठून जाव्यात यावर शहरात वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत, कारण रेषा चार बोटं सरकली की कुणाच्या तरी जमिनीला सोन्याचा भाव येतो. भराव टाकून उचललेल्या प्लॉटवरचं पाणी नाहीसं होत नाही, ते शेजारच्या गल्लीत जातं. हे सांगायला जलतज्ज्ञ लागत नाही, बादलीत वीट टाकून बघा.

तर त्या फ्लॅटमधली फ्रेम तिथे काय करत होती? ती काम करत होती. नदी कायम पायऱ्यांच्या खाली असते, असं ती सांगत होती. ब्रोशरमधलं खोटं वाक्य वकील पकडेल, पण सोफ्यावरच्या चित्राला कोण पकडणार? मी त्या चित्रकाराला दोष देत नाही, त्याला बहुधा माहीतही नसेल आपली प्रिंट कुठे लागलीय. पण चित्र इतकं बिनबोभाट तिथे बसतं, हा त्या चित्राचा गुण नव्हे. त्याच घाटाचं, देवळांचे फक्त कळस पाण्यावर उरलेत असं चित्र त्या सोफ्यावर लावून बघा.

आणि उलट बाजूनं, जुनी निसर्गचित्रं ही पुरावा आहेत. नदीकाठी कुठे शेत होतं, कुठे मोकळं गवत होतं, कुठे पाण्याला पसरायला जागा होती, हे त्यांत दिसतं. आज आपण आबालालांच्या चित्रांवरून म्हणू शकतो की अमुक ठिकाणी तेव्हा काही नव्हतं. शंभर वर्षांनी आजच्या चित्रांवरून काय म्हणतील? की २०२० च्या सुमारास पंचगंगेकाठी इमारती नव्हत्या आणि पूर येत नसे.

परंपरेची आठवण काढायचीच तर पूर्ण काढा. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत रंगवत सिनेमाकडे गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ केला. शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो, शेतकरी शहरात गिरणीत जातो. तरुण शांतारामबापू त्यात शेतकरी झाले होते. पौराणिक चित्रपटांची चलती होती तेव्हा एका चित्रकारानं विचारलं की हे शेत कुणाचं आहे. भाई माधवराव बागल जे. जे.त शिकलेले चित्रकार, निसर्गचित्रं काढणारे, आणि तेच संस्थानात प्रजा परिषदेचे पुढारी. एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात शेतसाऱ्याचा प्रश्न, यात त्यांना अडचण वाटली नाही. ही माणसं मुंबईची नव्हती, कोल्हापूरचीच. त्यांच्या फोटोला हार घालून खाली डिसेंबरातले घाट मांडायचे हा प्रकार मला पटत नाही.

विक्रीचा मुद्दा उरतो. पुराचं चित्र घरात कोण लावणार? चित्रकाराला भाडं असतं, फ्रेमवाल्याचं बिल असतं, दालनाचं भाडं असतं, आणि २०१९ मध्ये पाणी कित्येक कलाकारांच्या घरांत शिरलं तेव्हा त्यांना परंपरेनं हात दिला नाही. हे सगळं मान्य. पण आल्फ्रेड सिस्ले आठवा. १८७६ मध्ये पॅरिसजवळ पोर-मार्लीला सेन नदीचा पूर आला, सिस्ले जवळच राहायचा, तो जाऊन पाण्याकाठी उभा राहिला. दारूच्या दुकानाची इमारत पाण्यात, दाराशी होड्या, आभाळ निवळत चाललेलं. त्यात आक्रोश नाही. इतकी शांत चित्रं आहेत ती की आधी सुंदर दिसतात, मग लक्षात येतं की आपण ज्यावर नजर फिरवतोय तो रस्ता आहे. आज त्यातलं एक पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. सिस्ले गरिबीत वारला, हेही खरं, त्यामुळे हमी मी देत नाही. पूर काढला की चित्र कुरूपच होणार हे मात्र खोटं ठरतं.

आणि कॉन्स्टेबलची ती सवय. १८२१-२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडला तो नुसती ढगांची चित्रं काढत होता आणि मागे लिहून ठेवत होता: तारीख, वेळ, वारा कुठून. आमच्या प्रदर्शनात चित्राखाली ‘मॉर्निंग मूड’ लिहिलेलं असतं. कुठली मॉर्निंग? पाणी किती फूट? त्या चिठ्ठीवर एवढं लिहिलं असतं तरी माझं निम्मं भांडण मिटलं असतं.

ड्रोनचे व्हिडिओ आहेत की, असं म्हणू नका. ड्रोननं पूर वरून दाखवला, आणि वरून पूर नेहमी भव्यच दिसतो. शिवाय ते व्हिडिओ फोनची जागा भरली की आपणच डिलीट करतो. खरा विषय ड्रोन परत गेल्यावर सुरू होतो. पाणी उतरल्यावर भिंतीवर राहिलेली आडवी रेघ, तिच्याखाली गेरू आणि शेणाच्या मधला एक रंग, तिच्यावर दिवाळीत दिलेला फिकट गुलाबी डिस्टेंपर जसाच्या तसा. कठड्यावर वाळत घातलेल्या गाद्या. फुगलेली वह्या-पुस्तकं, पानं सुटी करून उन्हात दगडाखाली ठेवलेली. कुजलेल्या उसाचा काळा पडत गेलेला हिरवा, मैलोन्मैल, वर अगदी निर्लज्ज निळं आभाळ. हे सगळं सप्टेंबरात असतं, ऊन असतं, कागद अर्ध्या तासात वाळतो. तांत्रिक सबबही उरत नाही.

दरवर्षी टाउन हॉलच्या बागेत ‘मैफल रंगसुरांची’ भरते. गाणं चालू असतं आणि चित्रकार लोकांसमोर काम करतात. पोरं खांद्यावर बसून बघतात, रिक्षावाले थांबतात. चित्र होताना बघायला रस्त्यावरचा माणूस थांबतो असं गाव मला दुसरं माहीत नाही. म्हणून हे भांडण इथेच करायचं.

माझ्या भाड्याच्या घरात एक भिंत रिकामी आहे, तीन बाय चारची फ्रेम बसेल. माझं बजेट फार नाही, पण मित्रांकडेही विचारलंय, आणखी चार भिंती निघाल्या. चित्रात पाणी चहाच्या रंगाचं हवं. मागच्या बाजूला तारीख, वेळ आणि राजाराम बंधाऱ्याची त्या दिवशीची पातळी लिहून द्या.